तीसची हवा

५ एप्रिल

धाकट्या,

माझ्या नंबरावरून तुला फोन लागत नाही, म्हणून पत्र. तू माझा नंबर बंद करून टाकलास हे मला आपल्या दातांच्या डॉक्टरने सांगितलं. सांगताना तोंड असं केलं, जणू माझीच दाढ उपटतोय. राग नाही. गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, पत्रात आधी कामाचं लिहावं, खुशाली मागाहून. मी आज उलटं करतो.

इकडे ठीक आहे. हिचा गुडघा जिना चढताना बोलतो, बाकी बरी आहे. शेडमधली गाड्या उचलायची मागची लिफ्ट पुन्हा तेल गाळू लागली आहे. लाल गाडी उभी असायची तिथे चार चाकांचे चार डाग अजून आहेत. झाडायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, घासून काढू का? म्हटलं, राहू द्या. सहा वर्षं दोघांनी मिळून ती गाडी उभी केली, तू ती विकलीस, ती तुझीच होती. त्यावर मी आता काही बोलणार नाही असं ठरवलं आहे.

रविवारचं मंडळ भरतं. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर तेच आठ-दहा जण, त्याच बुटक्या, शर्यतीच्या धाटणीच्या गाड्या आणि वादही तोच, तू तुझी नवी उंच गाडी घेऊन आलास त्या दिवशीचा. तू निघून गेल्यावर तो संपेल असं वाटलं होतं. उलट आता तुझी बाजू घेणारे निघाले आहेत.

त्या दिवशी प्रोफेसरांनी तुझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अडीच टन आहे हे. वजन खोटं बोलत नसतं, बाबा. वळणावर सगळा हिशेब मागतं." तू म्हणालास, "शून्यापासून शंभराला हिला चार सेकंद लागतात, सर. तुमच्या बुटकीला?" प्रोफेसर चष्मा पुसू लागले. वकीलसाहेब मागून ओरडले, "खरं सांगा, शपथेवर!" प्रोफेसर म्हणाले, "साडेचार." किती हसलो आपण! डॉक्टर म्हणाला, "सरळ रस्त्यावर काय, कपाटही पळेल. वळणावर आण तुझं कपाट." आणि तू शांतपणे म्हणालास, की ही कपाटं खपतात म्हणूनच कंपन्यांना तुमच्या बुटक्या गाड्या काढायला परवडतं, नाहीतर त्या केव्हाच बंद पडल्या असत्या. वकीलसाहेब मागच्या रविवारी हेच वाक्य आपलं म्हणून सांगत होते. मी तिथेच होतो. तुझं आहे असं म्हणालो नाही, पण मनात म्हणालो.

पुढे जे झालं, माझ्या तोंडून जे गेलं, ते लिहीत नाही. तुला पाठ असेल.

नवं घर लागलं का? डोंगरावर अजून गार असेल. भिंगरीच्या नव्या शाळेत जिने आहेत की उतार केला आहे? पायाच्या आधाराच्या पट्ट्यांनी तिला घट्टे पडत होते, तिथे मऊ कापड लावायला तिच्या आईला सांग.

आणखी एक. गाडीच्या चारही चाकांतली हवा एकदा बघून घे. विशेष काही नाही. गार जागी हवा उतरते एवढंच. गाडीतल्या पडद्यावरचा आकडा नको, पंपावर जाऊन गेज लावून बघ. हे पत्र मिळेल त्याच दिवशी बघ. उगाच दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस.

देव तुम्हा तिघांना सांभाळो.

दादा

१२ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहिली असंही नाही, पण टपालवाला शेडवरून पुढे गेला की मी हातातलं काम खाली ठेवतो आणि मग का ठेवलं ते आठवत बसतो.

भिंगरीच्या आईचा आणि हिचा फोन चालू असतो, हे तुला माहीत असेल. मी हिला सहज म्हणालो, त्यांना चाकांची हवा बघायला सांग. हिने सांगितलं. उत्तर आलं, "दादांना म्हणावं काळजी करू नका. ह्यांनी पडद्यावर दाखवलं मला, चारही चाकं हिरवी आहेत. आता गाडी स्वतःच सांगते सगळं."

ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

चाकं हिरवी दिसतात, कारण तसं दाखवायला मी गाडीला सांगितलं आहे.

आता आधी कामाचं लिहितो. त्या रविवारी वाद चालू असतानाच ठरलं होतं, की गाडी आहे ना, मग धावपट्टीवर चालवून दाखव. तू हो म्हणालास. मग मी नेहमीचं काम केलं. धावपट्टीवर उतरण्याआधी सगळ्यांच्या चाकांची हवा मी कमी करतो, तापल्यावर ती फुगते म्हणून, आणि परत निघताना भरून देतो. बुटक्या गाड्यांना मी तीसवर आणतो. हाताला सवय आहे. तुझ्याही चारही चाकांना तीस केली. मग पडद्यावर जाऊन, आता हीच हवा बरोबर, अशी गाडीची समजूत घातली, नाहीतर पिवळा दिवा सारखा टोचत राहतो. हेही आपण नव्या गाड्यांना नेहमीच करतो.

तुझ्या गाडीला तीस चालत नाही. बेचाळीस लागते. अडीच टनांचं धूड, वर माणसं, वर सामान, आणि खाली तीसची हवा. चाकाच्या बगला दर फेरीला दुमडतात, आतून तापतात. वेगात, उन्हात, उतारावर ते केव्हा सुटेल सांगता येत नाही. आणि गाडी तुला काहीच सांगणार नाही. तिच्या लेखी सगळं ठीक आहे.

हवा भरून द्यायची राहिली, कारण तू धावपट्टीवर उतरलाच नाहीस. तू म्हणालास, "दादा, लाल गाडीत भिंगरीला बसवायला दोन माणसं लागायची आणि उतरवायला तीन. ह्या गाडीत ती स्वतः चढते."  आणि मी म्हणालो, "मग रुग्णवाहिकाच घ्यायचीस."

लिहिलं एकदाचं. 

तू दार लावलंस. काच खाली होती. भिंगरीने ऐकलं. तू फक्त एवढंच म्हणालास, "दादा, तुला माझी गाडी पडलेलीच बघायची आहे." आणि गेलास. त्या आठवड्यात घर हलवलंस, सगळं सामान त्याच गाडीतून, त्याच हवेवर. चढाचा रस्ता होता, वेग नव्हता, म्हणून निभावलं असेल. मला आठवलं ते तू पोचल्यावर दोन दिवसांनी. शेडमध्ये गेज पुसत होतो, तेव्हा.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुझं ते वाक्य आड आलं. हवेचं सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बघा, म्हटलं नव्हतं? दोनदा मी हिच्या हातातून फोन घेतला. दोन्ही वेळा भिंगरीच्या आईला "भिंगरी कशी आहे?" एवढंच विचारून फोन परत दिला. पहिल्या पत्रातही गारव्याचं कारण लिहिलं. पन्नाशीला आलेला माणूस मी, रोज देवापुढे हात जोडून बसणारा, आणि टायरमधल्या हवेबद्दल सख्ख्या भावाशी सरळ बोलता येत नाही.

सवयीने झालं, धाकट्या. हात गेला आणि झालं.

बेचाळीस भर. मग पडद्यावर जाऊन ती नव्याने कबूल करून घे. हे पत्र जलद टपालाने टाकतो आहे.

दादा

१९ एप्रिल, सकाळी साडेआठ

धाकट्या,

हे कुठे पाठवायचं माहीत नाही. तू घरी नाहीस. हात रिकामे ठेवले तर मी वेडा होईन, म्हणून लिहितो.

मागचं पत्र टाकून मी मोकळा झालो होतो. सात दिवस नीट झोपलो, त्याची आता लाज वाटते. मला वाटलं, तू वाचलंस, हवा भरलीस, रागाने उत्तर देत नाहीस. राग चालेल असं मी देवाला म्हणत होतो.

आज मी अंघोळीला गेलो असताना भिंगरीच्या आईचा वाटेतून फोन येऊन गेला. ही सहज सांगत होती, पोळी लाटता लाटता. "ते निघाले पहाटेच. समुद्राकाठच्या मोठ्या दवाखान्यात भिंगरीला नव्या पट्ट्या बसवायच्या आहेत ना. तुमची पत्रं पोचलीत हो, पण भावोजी हात लावत नाहीत. दोन्ही तशीच फ्रिजवर पडून होती म्हणाली."

मी ओल्या अंगाने तिथेच बसलो. हिने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. सगळं. हिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "रोज बोलत होते मी तिच्याशी. रोज! मला सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

तेव्हापासून ही फोन लावते आहे. घाटात रेंज नाही. तुझा नाही, तिचा नाही.

नऊ वाजून दहा

रस्त्यावरच्या मदतीचा जो नंबर असतो, तिथे फोन केला. पलीकडची बाई चांगली होती. म्हणाली, "अपघात झालाय का?" म्हटलं, नाही. "गाडी बंद पडली आहे का?" नाही. "मग काय झालंय, काका?" म्हटलं, अजून काहीच झालेलं नाही.  मग म्हणाली, "गाडीचा नंबर द्या, गस्तीच्या गाडीला सांगते." नंबर सांगताना मी दोन आकडे चुकलो. हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि बरोबर सांगितला.

डॉक्टरलाही कळवलं. तो आपला दवाखाना बंद करून घाटाकडे निघाला आहे. तीनशे किलोमीटर आहे. पोचून काय करणार, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दहा वाजले

शेडमध्ये आलो आहे. घरात हिची नजर सहन होत नाही.

तो घाट मला ठाऊक आहे. वरच्या अंगाला दाट झाडी, गार. मग झाडी संपते आणि उघडा उतार लागतो, दगड तापलेले, एका बाजूला कठडा, तोही जागोजागी नाही. तू ब्रेक जपून वापरणारा माणूस आहेस. पण आज भिंगरीला दुपारच्या आत पोचवायचं आहे. खाली सपाट रस्ता लागला की तू वेग घेशील. त्या गाडीला वेग कळत नाही. आत बसलेल्याला वाटतं साठावर आहोत आणि काटा दीडशेवर असतो. हा दोष आपण रविवारी किती चघळला होता! प्रोफेसर म्हणाले होते, बुटकी गाडी घाबरवते म्हणून माणूस जपतो, उंच गाडी घाबरवतच नाही. मी तेव्हा मान डोलावली होती. मला आपली बाजू जिंकल्याचं सुख झालं होतं.

मागचं डावं चाक मला सारखं दिसतं. भिंगरी त्याच बाजूला बसते, दार मोठं उघडतं म्हणून.

देवाला काय मागू? वाचव म्हणायला हात जोडतो, आणि मनात येतं, की हेच हात आहेत. गाड्या उघडण्याआधी रोज त्याचं नाव घेतो. त्या रविवारी घेतलं होतं का, आठवत नाही.

दहा पस्तीस

लागत नाही.

अकराला पाच कमी

ही शेडवर आली.  स्टूल ओढून शेजारी बसली आणि फोन मांडीवर ठेवला. दोघं त्याच्याकडे बघतो आहोत. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि दोघंही उभे राहिलो.

अकरा वाजून वीस

वाजतो आहे

२१ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र तू स्वतः उघड. भिंगरीला वाचायला देऊ नकोस. मागची दोन तिने उघडली हे बरं झालं, देवानेच ते करवलं असं मी मानतो. पण हे तुझं एकट्याचं आहे.

भिंगरीच्या आईने निघता निघता ती पाकिटं पर्समध्ये टाकली, आणि वळणांना कंटाळून पोरीने वेळ घालवायला वाचायला घेतली, हे मला तिनेच फोनवर सांगितलं. "काका, तुझं पहिलं पत्र मस्त होतं, कपाटावर बाबा हसले! गुपचूप हसले, पण मी आरशात बघितलं. मग दुसरं वाचत होते, तर बाबा म्हणाले ती हवेची ओळ परत वाच. मी परत वाचली. मग त्यांनी गाडी एकदम हळू केली, आणि पंपापर्यंत तशीच नेली." रुग्णवाहिकेची ओळही तिने मोठ्याने वाचली असेल. तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. त्याचं मला जास्त लागलं.

मग तू फोन घेतलास. महिन्याने तुझा आवाज ऐकला, आणि तू दादासुद्धा म्हणाला नाहीस. म्हणालास, "आकडे सांगतो. घे." मी खडू घेऊन खाली बसलो. पुढचं उजवं सत्तावीस. पुढचं डावं सव्वीस. मागचं उजवं पंचवीस. मागचं डावं एकवीस. शेडच्या फरशीवर मी ते लिहीत गेलो, जसे आपण पंचवीस वर्षं लिहीत आलो, तू सांगायचास आणि मी लिहायचो. तू म्हणालास, मागच्या डाव्याला आतल्या बगलेला लिंबाएवढा फुगा आला आहे, पंपावरचा टायरवाला हात लावायला तयार नाही, त्याने आधी पोरीला गाडीतून उतरवायला सांगितलं. अजून अकरा वळणं उतार होता आणि पुढे सपाट रस्ता.

मी रडत होतो.  मग तू विचारलंस, "दादा, बेचाळीस हा आकडा तुला कुठून कळला?"

मी म्हणालो, काय?

"पत्रात बेचाळीस लिहिलं आहेस. ही असली गाडी आपल्या शेडमध्ये कधी आली नाही. बेचाळीस हा आकडा फक्त माझ्या गाडीच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर आहे. तू तो कधी वाचलास? हवा सोडायच्या आधी, की नंतर?"

मी म्हणालो, नंतर. कंपनीला फोन करून विचारून घेतलं.

तू "बरं" म्हणालास. इतक्या वर्षांत तू माझं म्हणणं असं वाद न घालता कधी ऐकून घेतलं नव्हतंस. नवे टायर टाकून पुढे गेलात, डॉक्टर तुम्हाला वाटेत भेटला, पट्ट्या बसल्या, भिंगरी दवाखान्याच्या व्हरांड्यात कठडा न धरता चार पावलं चालली, हे सगळं मला हिच्याकडून कळलं. ही आनंदाने सांगत होती. मला आनंद पूर्ण होत नाही. दोन दिवस देवापुढे बसतो आणि उठतो. मागायचं काही राहिलं नाही, आणि आभार मानायला बसलं की तो फोन आठवतो. भीती गेलेली नाही. आधी ती घाटात होती, आता घरात येऊन बसली आहे.

मी तुला खोटं सांगितलं. नंतर नाही, आधी.

तू वाद घालायला उतरलास तेव्हा तुझं दार उघडं होतं. मी गेज घेऊन पुढच्या चाकाशी वाकलो, तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. पांढऱ्यावर काळा आकडा. बेचाळीस. मी तो वाचला. हात नेहमीच्या सवयीने गेला असं तुला लिहिलं, आणि लिहिता लिहिता मलाही ते खरं वाटू लागलं होतं. तसं नाही. हात थांबला होता. मी वाचून, विचार करून, तीसवर आणली. गाडी वळणावर डुलावी, सगळ्यांच्या देखत तुझी मान खाली जावी, आणि तू म्हणावंस की दादा, चुकलं, आपली लाल गाडीच बरी होती. धावपट्टीवर धोका नाही, हळू वळण आहे, परत येताना भरून देऊ, असं मी स्वतःला समजावलं. मग तू निघून गेलास, आणि मी गेज हातात घेऊन उभा होतो. तेव्हा हाक मारता आली असती. गाडी फाटकापर्यंत हळूच गेली होती. मी हाक मारली नाही.

तू म्हणाला होतास, तुला माझी गाडी पडलेलीच बघायची आहे. एवढी नाही, धाकट्या. पण थोडी पाहायची होती.

आता तू काय करायचं ते तू ठरव. हिला हे खरं मी आज सांगणार आहे. मंडळाला रविवारी सांगेन, सगळ्यांसमोर, आणि त्यानंतर कुणी आपली चाकं माझ्या हातात दिली नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही.

एकच गोष्ट उरली. ती लिहिल्याशिवाय हे पाकीट बंद होणार नाही.

भिंगरी तेव्हा गाडीतच होती, मागे डावीकडे. मी शेवटच्या चाकाशी बसलो तेव्हा तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, काय करतोस?"

मी वर बघून म्हणालो, "तुझी गाडी तयार करतोय."

दादा